हरलेल्या शर्यतीचा हिशेब



जिंकलेल्याच्या मागे गाव वाजतगाजत चालते. हरलेल्याच्या अंगणात कोणी फिरकत नाही. म्हणून आज एका हरलेल्या शर्यतीचा हिशेब मांडू या.

चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे आपल्या नाशिक जिल्ह्यातले गाव. पाणीटंचाई पाचवीला पुजलेली. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचा. २०१२ साली तो फौजेत गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा वल्हे हाती धरले. चारच वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला, नौकानयनात भारताचा तो एकटा खेळाडू होता. शेवटच्या शर्यतीत दोन हजार मीटरचा पल्ला त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत मारला आणि एकूणात तेरावा आला.

मग २०१८ ची आशियाई स्पर्धा आली. इंडोनेशियात पालेमबांगला २३ ऑगस्टला एकट्याच्या होडीची अंतिम शर्यत झाली. साऱ्यांना पदकाची आस होती. दत्तू आला सहावा, म्हणजे शेवटचा. आणि वेळ लागला साडेआठ मिनिटांच्या आसपास! पाणी-वारा रोज सारखा नसतो हे खरे, पण एवढा फरक नुसत्या वाऱ्याने पडत नाही.

कारण निराळे होते. पोराच्या अंगात ताप होता. तापात काळीज आधीच जोरात धडधडते, अंग तापलेले असते. त्यावर जबर कष्ट पडले की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. विहिरीचे पाणी सरल्यावरही चालू ठेवलेली मोटर जशी तापते, तशी गत होते. शिवाय एकट्याच्या होडीत भार वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते. तरी त्याने पल्ला पुरा केला.

आता पुढचे ऐका. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तोच दत्तू चौघांच्या होडीत बसला. आठ वल्ही एका लयीत पडली आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत भारताला सुवर्णपदक मिळाले.

पहिल्या दिवशीचा निकाल पाहून कोणी त्याला मोडीत काढले असते, तर?

मंडळी, यातून दोन गोष्टी गाठीला बांधा. कांदा काढणीच्या घाईत ताप अंगावर काढू नका. फौजेत कसलेला गडीही तापापुढे थकतो, मग आपली काय कथा? आणि घरचे पोर परीक्षेत किंवा कुस्तीत हरून आले, तर आधी त्याला पाणी द्या, जेवू घाला. मग शेजारी बसून विचारा, "बाळा, कुठे अडले?" हरण्याचे कारण सापडले, की निम्मे काम झाले.