सराव झाला, पण कुणाचा? अकरावीचं पोर्टल आणि 'स्टेजिंग'ची गोष्ट

बुधवारी, २१ मे २०२५ ला, सकाळी ११ वाजता अकरावी प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी सुरू होणार होती. साडेअकराच्या आत जिंतूरहून मामेभावाचा फोन आला. "दादा, साईटच उघडंना. तू इंजिनिअर हाईस ना, काही कर की." तो नेट कॅफेत तिसऱ्या नंबरवर बसला होता. मी पुण्यात, हातात लॅपटॉप, आणि माझ्याकडेही तेच पांढरं पान गोल गोल फिरत होतं. पुढे तांत्रिक अडचणीचं कारण देऊन नोंदणी पुढे ढकलली गेली. नवी तारीख ठरली २६ मे, सकाळी ११.

आता यात सॉफ्टवेअरवाल्याला खटकणारी गोष्ट बघा. त्याआधी ही ऑनलाइन पद्धत फक्त मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथेच होती. आपल्या परभणीत कॉलेजात जायचं, फॉर्म आणायचा, भरायचा आणि फळ्यावर यादी लागायची वाट बघायची. २०२५ मध्ये पहिल्यांदाच अख्खं राज्य एका पोर्टलवर आलं. जागा सुमारे २० लाख. म्हणजे 'जुनीच साईट थोडी मोठी केली' असं हे काम नाही, हा मोठा अपग्रेड आहे. आणि गंमत म्हणजे सरावही झाला होता! १९ आणि २० मे ला विद्यार्थ्यांना सरावासाठी अर्ज भरायला दिला, ती माहिती नंतर पुसली जाणार हेही आधीच सांगितलं होतं. कल्पना चांगलीच होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तो सराव मुलांचा होता. कोणता रकाना कुठे आहे हे त्यांना कळावं म्हणून. पोर्टलचा सराव ही वेगळी गोष्ट. ती मुलांच्या आधी, आणि मुलांना न दिसता व्हायला लागते.

त्यासाठी आमच्या धंद्यात जे करतात त्याला 'स्टेजिंग' म्हणतात. चालू साईटची हुबेहूब प्रत वेगळ्या जागी उभी करायची आणि जो काही बदल करायचा तो आधी तिथे करून बघायचा. मोडली तर प्रत मोडते. सोपं वाटतं, पण सगळी मेख 'हुबेहूब' या शब्दात आहे.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सगळी खाती नव्या यंत्रणेवर हलवली. चाचण्या झाल्या होत्या. तरी सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती ऑनलाइन उघडता येईनात. नंतरच्या चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटरपैकी एकावरच ताणाची चाचणी घेतली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड ठोकला. म्हणजे परीक्षा दिली, पण अर्ध्याच अभ्यासक्रमावर.

एवढ्या मोठ्यांचं सोडा, मी माझंच सांगतो. जिल्ह्यातल्या एका शिकवणीची साईट मी बघतो. वर्डप्रेसवरची, छोटी. पीएचपी ७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, त्यानंतर होस्टिंगवाल्यांचे 'आवृत्ती बदला' असे मेल यायला लागले. एका रविवारी मी पॅनेलमध्ये जाऊन सरळ आठवर टिचकी मारली. साईट पांढरी! एक जुना प्लगइन नव्या आवृत्तीत चालत नव्हता. हरकत नाही, बॅकअप आहे, म्हणून तो चढवला. साईट आली. पण सगळ्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं.

झालं असं होतं की साईटचा डेटाबेस युनिकोडमध्ये होता, पण बॅकअप काढताना जोडणी जुन्या 'लॅटिन १' पद्धतीवर होती. देवनागरीचं एकेक अक्षर युनिकोडमध्ये तीन बाइट घेतं. ते लॅटिनच्या चौकटीत बसतच नाही, मग त्या जागी प्रश्नचिन्ह पडतं आणि मूळ अक्षर कायमचं जातं. इंग्रजी साईटवाल्याला ही भानगड वर्षानुवर्षं कळणारही नाही, आपल्याला पहिल्याच ओळीत कळते. फक्त कधी? बॅकअप परत चढवून बघितला तर. मी दीड वर्ष दर आठवड्याला तो बॅकअप काढत होतो आणि एकदाही चढवून बघितला नव्हता. शेवटी गूगलने साठवलेली पानं बघून दोन रात्री मजकूर पुन्हा टाइप केला. चौकशीच्या फॉर्ममधून आलेली पालकांची नावं मात्र गेली ती गेलीच.

यात मी एकटा नाही, एवढंच समाधान. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचंच फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले. बॅकअपचे पाच मार्ग होते आणि ऐनवेळी एकही नीट चालला नाही. रोजचा बॅकअप तर निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेच्या ९.६ आवृत्तीवर गेला होता आणि बॅकअपचं हत्यार ९.२ चंच राहिलं होतं. ते अयशस्वी झाल्याचे मेलही अडवले जात होते. मग वाचवलं कशाने? त्याच इंजिनिअरने सहा तास आधी स्टेजिंगसाठी म्हणून हाताने काढलेल्या एका प्रतीने. सहा तासांचा डेटा गेला, बाकी कंपनी उभी राहिली.

आता तुमच्याकडे शाळेची, कृषी सेवा केंद्राची किंवा बातम्यांची साईट असेल तर काय करायचं? बऱ्याच होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आता 'स्टेजिंग' किंवा 'क्लोन' असं बटण असतं. नसेल तर सबडोमेन काढा आणि तुमचा शेवटचा बॅकअप तिथे चढवा. चालू साईटची ताजी प्रत नको, बॅकअपच चढवा. म्हणजे एका दगडात दोन पक्षी: बॅकअप खरा आहे का तेही कळतं. त्या प्रतीला पासवर्ड लावा आणि गूगलला बंद ठेवा. तिच्यात पालकांचे मोबाइल नंबर असतात, कधी कधी आधारही. ते उघड्यावर टाकू नका. तिचे मेल, एसएमएस आणि पैसे भरायची सोय पहिल्यांदा बंद करा, नाहीतर चाचणी म्हणून पाठवलेला 'तुमची फी थकली आहे' हा मेसेज खरोखर दोनशे घरी जातो.

मग अपग्रेड करा आणि वापरून बघा. मुखपृष्ठ उघडलं म्हणजे झालं असं नाही. जोडाक्षरं असलेलं नाव टाकून फॉर्म भरा, पावती काढा, मराठी शब्द टाकून शोधा, साध्या मोबाइलवर बघा.

इथे बहुतेक जण घसरतात ती पायरी पुढे आहे. प्रत नीट चालली की ती उचलून चालू साईटवर चढवायचा मोह होतो. तुम्ही सोमवारी प्रत काढली आणि गुरुवारी चढवली, तर मधल्या तीन दिवसांत आलेले अर्ज पुसले जातात. डेटाबेस जागेवरच राहू द्या. चालू साईटचा नवा बॅकअप घ्या आणि प्रतीवर ज्या क्रमाने बदल केले त्याच क्रमाने ते पुन्हा करा. रात्री करा. आणि प्रवेशाच्या, विम्याच्या किंवा निकालाच्या आठवड्यात तर करूच नका.

एक कबुली द्यायला हवी: शिकवणीच्या साईटला ताणाची चाचणी मी कधी घेतलेली नाही, दिवसाला पन्नास माणसं येतात तिथे. राज्याच्या पोर्टलला ती सूट नाही. तिथे प्रत उभी करून लाखभर खोटे अर्ज एकाच मिनिटात सोडून बघावे लागतात. त्यासाठी तयार, फुकट सॉफ्टवेअरही मिळतं. जेमीटर हे त्यातलं जुनं नाव. सगळ्यांना एकच ११ वाजताची वेळ देण्याऐवजी विभागवार वेळा दिल्या असत्या तर निम्मा ताण तिथेच उतरला असता, असं माझं मत. परभणीच्या पोराला दुपारी २ ची वेळ मिळाली तर काही बिघडत नाही, फक्त २ ला साईट उघडली पाहिजे.

मामेभावाला तेव्हा सांगितलं होतं, २६ ला सकाळी ११ च्या ठोक्याला बसू नको, संध्याकाळी बस. नोंदणीला पहिला येण्याचे काही जादा गुण नाहीत. तो म्हणाला, "पप्पा ऐकणार नाहीत दादा, ते साडेदहालाच नंबर लावणार."