मुक्काम कोणाच्या घरात?

मे महिन्याची सुटी जवळ आली की शहरांतील सुस्थित मराठी घरांत परदेशप्रवासाचे बेत शिजू लागतात. चार-पाच दिवसांत एकच शहर पाहून परतण्याचा प्रकार आता रूढ होतो आहे आणि अशा शहरांत बार्सिलोनाचे नाव आवर्जून घेतले जाते. बेत आईवडील आखतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तो फक्त कळवला जातो. शेंगेन व्हिसासाठी १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे शुल्क प्रौढाइतकेच, म्हणजे ९० युरो, भरावे लागते आणि त्याच्या बोटांचे ठसेही घेतले जातात. परक्या देशांची सरकारे ज्याची गणना मोठ्यांत करतात, त्याची गणना स्वतःच्या घरात मात्र सामानात होते!

या बेतातील पहिला प्रश्न मुक्कामाचा. तो व्हिसाच्या अर्जातच द्यावा लागतो. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा वस्तीतला एखादा फ्लॅट दिवसाच्या भाड्याने घेतला तर चौघांना स्वस्त पडतो, शिवाय स्वयंपाकघर मिळते, रात्री वरणभात शिजवता येतो. हिशेब चोख आहे. त्यात एकच रकाना गाळलेला असतो : पर्यटक नसते तर त्या फ्लॅटमध्ये कोण राहिले असते?

बार्सिलोनाच्या रहिवाशांनी नेमका हाच प्रश्न रस्त्यावर आणला. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटांचे परवाने २०२८ च्या अखेरीस संपुष्टात आणण्याची घोषणा केली. दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे कारण त्यांनी दिले. पुढच्याच महिन्यात हजारो नागरिकांनी मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. गुएल उद्यानाजवळून जाणाऱ्या ११६ क्रमांकाच्या बसमध्ये तिथल्याच वृद्धांना जागा मिळेना, तेव्हा तो मार्ग गूगलच्या नकाशावरून काढून टाकण्याची व्यवस्था पालिकेला करावी लागली. गिरणगावातील चाळींच्या जागी मनोरे उभे राहताना ज्यांनी पाहिले, त्यांना या संतापाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

यावर ठरलेले उत्तर येते : सुटीत हे राजकारण कशाला? पर्यटनावर हजारो लोकांची पोटे भरतात! ती भरतात हे खरेच आहे. परंतु हॉटेलातील खोल्या आवरणाऱ्या बाईलाही त्याच शहरात भाड्याचे घर शोधावे लागते. तिच्या मजुरीचा दाखला देऊन तिचे घर महाग करण्याचे समर्थन करणे, हा चलाख युक्तिवाद झाला. बार्सिलोनाला जाऊच नये, असे कोणी म्हणत नाही. हॉटेलात उतरल्याने पुण्य लागते, असेही नाही. जाणाऱ्याने आपल्या सोयीची किंमत दुसरा कोण मोजतो हे जाणून निवड करावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही जाण देण्यास चौदा-पंधराचे वय योग्य असते. तेव्हा खर्चाची वही एका संध्याकाळी मुलांच्याच हाती द्यावी. एकूण रक्कम सांगावी, मुक्कामाचे दोन्ही पर्याय आणि त्यांमागची हकीकत त्यांच्यापुढे ठेवावी आणि चारांपैकी दोन दिवस त्यांनाच आखू द्यावेत. १८८२ मध्ये पायाभरणी झालेले साग्रादा फामिलिया हे मंदिर ती पाहतीलच. पण पोब्ले-सेक वस्तीच्या पोटात, यादवी युद्धातील बाँबवर्षावापासून वाचण्यासाठी रहिवाशांनी खणलेले ३०७ क्रमांकाचे भुयारही त्यांनी पाहावे. शहर म्हणजे इमारतींचा संग्रह नसून तिथे टिकून राहू पाहणाऱ्या माणसांची वस्ती असते, हे त्या भुयारात व्याख्यानावाचून उमगते.

मुले कदाचित महागड्या हॉटेलाऐवजी एक दिवस कमी करण्याचा मार्ग काढतील. कदाचित फ्लॅटच हवा असा हट्टही धरतील. तसा हट्ट धरला तरी तो डोळे उघडे ठेवून धरलेला असेल. आईवडिलांचा आजवरचा बेत तेवढाही नव्हता.