पंखाला बिलगलेली हवा

विमानाच्या पंखाला अगदी बिलगून असलेली हवा पंखाच्या दृष्टीने थांबलेलीच असते. थोडे दूर गेले की ती पूर्ण वेगाने वाहते. कुरखेड्यात सती नदीत पळसाचे पान सोडले, तर ते काठाशी रेंगाळते आणि मधल्या धारेत सापडताच निघून जाते. प्रकार तोच. या पातळ सीमास्तराची कल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली जर्मनीत मांडली. पुढे त्यांच्याच हाताखाली गॉटिंगेनला कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे शिकले. बंगळूरला त्यांनी रचलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. घाटगे हे नाव मराठी मुलांना ठाऊक असायलाच हवे.

सीमास्तराचा मोठा शत्रू बर्फ. ढगातले काही थेंब शून्य अंशाखालीही पाणीच राहतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळताच गोठतात. तिथे पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर चढतो. त्याच्या वजनापेक्षा त्याचा खरखरीतपणा घातक: सीमास्तर खवळतो, पंखापासून लवकर सुटतो, उचल घटते. अमेरिकेत लँग्ली येथे १९२८ सालीच थंड हवेच्या बोगद्यात यावर प्रयोग सुरू झाले. १९४४ साली क्लीव्हलंडला याहून मोठा बोगदा उभा राहिला. लुईस रोडर्ट यांनी इंजिनाच्या धुराड्यातली उष्णता वापरून पंख तापवण्याची रीत सिद्ध केली. आजच्या अनेक जेट विमानांतही इंजिनातलीच गरम हवा पंखाच्या कडेआतून खेळवतात.