शंका कोणाला विचारायची?

कसाऱ्याच्या गाडीने खर्डी सोडले की उंबरमाळीचे लहानसे स्थानक लागते. तेथून आमच्या महाविद्यालयात येणारा बारावीचा एक विद्यार्थी परवा प्रयोगशाळेत हिरमुसून उभा होता. पोटेन्शिओमीटरचा प्रयोग त्याने मोबाइलवर चार वेळा पाहिला होता. पडद्यावर गॅल्व्हानोमीटरचा काटा तारेच्या एका टोकाला डावीकडे वळे, दुसऱ्या टोकाला उजवीकडे, आणि मध्ये कोठेतरी शून्यावर येई. याच्या टेबलावर मात्र तो दोन्ही टोकांना एकाच बाजूला वळत होता. "सर, व्हिडिओत असे होतच नाही!"

होणार कसे? तेथे जोडणी आधीच तपासलेली असते. याने तारेच्या ज्या टोकाला बॅटरीचे धनाग्र जोडले होते, तेथेच घटाचे ऋणाग्र जोडले होते. दोन मिनिटांत चूक सापडली. पण त्यासाठी शेजारी कोणीतरी असावे लागले.

सध्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा बोलबाला आहे, आणि तो उगाच नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटीईएल'मुळे कोणालाही ऐकता येतात. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्'वर नववी ते बारावीचेही अभ्यासक्रम आहेत. नाव नोंदविण्यास पैसे पडत नाहीत. माझ्या विद्यार्थिदशेत असे व्याख्यान ऐकायचे तर पवईला प्रवेशच मिळवावा लागे!

पण आकडे पाहा. २०१२ साली अमेरिकेतील एमआयटीने विद्युत्-मंडलांवर असा खुला अभ्यासक्रम चालविला. १,५४,७६३ जणांनी नावे नोंदविली. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. शेकडा पाचसुद्धा नाहीत. (कित्येक जण नुसते डोकावून गेले असतील, हेही खरे.) त्यात मंगोलियातील पंधरा वर्षांच्या बत्तुशिगने पैकीच्या पैकी गुण मिळविले व पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. ही गोष्ट सगळे सांगतात. एक भाग मात्र गाळतात. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते आणि प्रयोगाचे साहित्य घेऊन एक पाहुणे शिक्षक अमेरिकेहून आले होते.

आपल्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. मोफत व्याख्यानांचेही तसेच होईल अशी मला भीती वाटते. घरातला एकुलता मोबाइल वडील कामावर नेतात. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत. शंका आली तर तीही इंग्रजीत लिहून विचारायची.

म्हणून हे अभ्यासक्रम एकेकट्याने घरी नव्हे, तर शाळेत मिळून घ्यावेत, असे माझे मत आहे. दहा मिनिटे पाहावे, थांबवावे, मराठीत वाद घालावा, मग तारा हातात घ्याव्यात. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी, आपल्याला सारे आले पाहिजे, हा संकोच सोडावा. मीही अनेकदा मुलांबरोबरच शिकतो. मात्र "व्हिडिओ आहेत, मग शिक्षकाची जागा कशाला भरायची?" असे कोणी म्हणू लागले, तर त्याला तो एकाच बाजूला वळणारा काटा दाखवावा.

तुमच्या शाळेत पडदा आणि इंटरनेट असेल, तर येत्या शनिवारचे शेवटचे दोन तास सरांकडे मागून पाहा.