पडेगावची धूळ आणि बांधकामाचा परवाना

छावणी ओलांडून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव लागते. 8 डिसेंबर 1982 रोजी औरंगाबाद नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि भोवतालच्या खेड्यांबरोबर हे गावही शहराच्या हद्दीत आले. 2023 साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. या चार दशकांत पडेगावच्या शिवारातील पिके गेली आणि तेथे प्लॉट पडले. प्लॉट आधी, घरे नंतर, रस्ते त्याहून नंतर आणि नाली सर्वांत शेवटी, हा मराठवाड्यातील नगरविस्ताराचा अलिखित क्रम आहे. या क्रमात हवेला कोणतेच स्थान नाही.

हवेचे प्रदूषण म्हणजे कारखान्याच्या धुराड्याचा प्रश्न, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहतींकडे बोट दाखवले की पडेगावसारख्या निवासी वस्तीने निश्चिंत राहावे, असा तिचा अर्थ होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकारने 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची मानके सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांत औरंगाबादची गणना झाली. ही मानके 2009 सालची. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे प्रमाण वार्षिक सरासरीने घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमच्या आत आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे 40 मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे ती सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली हेच आकडे अनुक्रमे 15 आणि 5 वर आणले. त्यांपैकी जाडसर कण मुख्यतः रस्त्यावरून, उघड्या मातीतून आणि बांधकामातून उठतात. बारीक कण बहुतांशी ज्वलनातून येतात. मुरूम टाकलेल्या कच्च्या रस्त्यावरून वाळूने भरलेली हायवा गेली की पहिल्या जातीचे कण उठतात, आणि संध्याकाळी कोपऱ्यावर पालापाचोळा व प्लॅस्टिक पेटवले की दुसऱ्या जातीचे. वाढत्या उपनगरात दोहोंचा तुटवडा नसतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, आणि सकाळच्या शाळेला निघालेली मुले नेमक्या त्याच थरातून चालतात.

याबाबत कायदा अगदीच मुका आहे, असे नाही. जानेवारी 2018 मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती होऊन बांधकामाच्या धुळीसंबंधी तरतुदी आल्या. बांधकामाभोवती आडोसा असावा, माती व वाळू झाकून ठेवावी, पाणी शिंपडावे, ट्रक उघडे नेऊ नयेत, दगड उघड्यावर कापू नये, असे तेथे सांगितले आहे. त्याआधी 2006 च्या अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर आणि त्यावरील बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. पण या मापाची बांधकामे पडेगावात किती असणार? येथील विस्तार गुंठेवारीचा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. दोनशे गुंठ्यांवरील दोनशे घरे मिळून मोठ्या प्रकल्पाएवढी धूळ उडवतात, तथापि त्यांतील प्रत्येक घर कायद्याच्या दृष्टीने नगण्य ठरते. 2001 चा गुंठेवारी अधिनियम आणि 2021 साली त्यात झालेली दुरुस्ती यांनी 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट मोकळी केली. गरजू माणसाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर झाले, हे योग्यच झाले. मात्र घर नियमित झाल्याने त्यासमोरचा रस्ता डांबरी होत नाही. शुल्क भरल्याची पावती मिळते आणि दारातली धूळ होती तेथेच राहते.

म्हणूनच हवेचा विचार दिल्लीच्या अधिसूचनेत अडकून न राहता स्थानिक परवान्याच्या कागदावर उतरला पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये राज्यातील बहुतेक शहरांना लागू झालेली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चटईक्षेत्र, सामासिक अंतरे, वाहनतळ यांबाबत इंचाइंचाचा हिशेब मागते. पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्थाही ती मागते, आणि त्यावर कोणी आकांडतांडव केलेले नाही. पाण्याबाबत जे शक्य झाले ते हवेबाबत अशक्य का मानावे? नवी अभिन्यासाची परवानगी देताना अंतर्गत रस्त्यांचे खडीकरण व डांबरीकरण आधी, प्लॉटविक्री मागाहून, एवढा एकच क्रम सक्तीचा केला तरी पडेगावसारख्या भागातील धुळीचा मोठा उगम बंद होईल. शाळा आणि दवाखाना यांची आरक्षणे हमरस्त्याला खेटून न ठेवता आतल्या बाजूस ठेवावीत, हे सांगायलाही फार मोठे शास्त्र लागत नाही. 2024 साली शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती बहुतेक आरक्षणे कोणाच्या जमिनीवर पडली आणि कोणाच्या जमिनीवरून उठली याची. आरक्षणे वाऱ्याच्या कोणत्या दिशेला पडली, हा प्रश्न त्या गदारोळात हरवला.

पडेगावच्या बाबतीत तो प्रश्न कल्पनेतला नाही. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी तेथील कचरा डेपोविरुद्ध आंदोलन पुकारले, मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथे कचरा टाकण्यास मनाई केली, आणि शहराचा कचरा रस्तोरस्ती साचला. अनेक ठिकाणी तो पेटवण्यात आला. पडेगावला लागूनच असलेल्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या नेण्याचा प्रयत्न 7 मार्च रोजी झाला, तेव्हा दगडफेक, लाठीमार, जाळपोळ असे सारे घडले. पुढे शहरात चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रे योजण्यात आली. त्यांतील एक पडेगावचे. कचऱ्यावर प्रक्रिया व्हावी, तो डोंगरासारखा साचू नये, याबद्दल दुमत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी मात्र दिवसाला पाच टनांहून अधिक क्षमतेच्या केंद्राभोवती विकासरहित पट्टा राखण्यास सांगितले होते. त्या पट्ट्याची रुंदी किती, तो आराखड्यात कोणत्या रंगाने दाखवला आहे आणि त्याच्या कडेने प्लॉट विकत घेणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला व्यवहारापूर्वी हे कोणी सांगितले काय? मिटमिट्याचा उद्रेक दुर्गंधीमुळे झाला असे म्हटले गेले. ते अर्धेच खरे आहे. आपल्या नाकाशी काय आणून ठेवले जाणार, हे लोकांना गाड्या दारात आल्यावर कळले, याचा संताप त्यात अधिक होता.

शहरातील मोजमापाची स्थितीही ध्यानात घ्यावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी मापनकेंद्रे सरस्वती भुवन महाविद्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि कडा कार्यालय येथली. त्यांच्या आकड्यांवरून शहराची सरासरी निघते. पडेगावच्या चौकातली हवा त्या सरासरीत दिसत नाही. 2025 च्या जून-जुलैत महापालिकेने रस्तारुंदीसाठी पाडापाडीची मोठी मोहीम काढली. पडेगाव-मिटमिटा रस्ताही तीतून सुटला नाही. रस्ता रुंद झाल्यावर वाहनांचा खोळंबा कमी होईल, हे मान्य. पण पाडलेल्या भिंतींचा राडारोडा किती दिवसांत, झाकलेल्या गाडीतून, कोठे न्यायचा, ही अट खाजगी बिल्डरला घालायची असेल तर ती पालिकेने प्रथम स्वतःच्या कंत्राटदाराला घालावी.

मुंबईचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 2023 च्या ऑक्टोबरात तेथील हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि बृहन्मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती 35 फूट, लहान भूखंडाभोवती 25 फूट उंच पत्रा, बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुणे, मोजमापाची यंत्रे, पालन न केल्यास काम बंद. मात्र हे शहाणपण संकट दारात आल्यावर सुचले. इंग्लंडात 1995 च्या पर्यावरण कायद्याने स्थानिक संस्थांवर आपल्या हद्दीतील हवा तपासण्याची आणि दूषित पट्टे अधिकृतपणे जाहीर करण्याची जबाबदारी टाकली. नव्या इमारतीचा अर्ज आला की त्या पट्ट्यावर तिचा काय परिणाम होईल हे अर्जदाराला दाखवावे लागते. लंडनची पद्धत पडेगावात जशीच्या तशी आणणे हास्यास्पद होईल. तिच्यातील एक गोष्ट तेवढी उचलण्याजोगी आहे: परिणामाचा प्रश्न इमारत उभी राहिल्यावर नव्हे, अर्जाच्या टेबलावर विचारायचा.

पैशाची सबब येथे फारशी टिकत नाही. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाने हवेच्या सुधारणेसाठी स्वतंत्र अनुदान ठेवले आणि त्यात औरंगाबादचा समावेश होता. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने 2024 साली दाखवून दिले, की स्वच्छ हवा कार्यक्रमाचा देशभरातील सुमारे 64 टक्के खर्च धूळ आवरण्यावर झाला. रोज झाडायची धूळ निर्माणच होऊ नये, यासाठी मात्र यंत्र विकत घ्यावे लागत नाही. त्यामुळेच कदाचित त्या उपायाची निविदाही निघत नाही.

आक्षेप येईल तो लहान घर बांधणाऱ्याच्या बाजूने, आणि तो गंभीर आहे. दीड गुंठ्यावर दोन खोल्या बांधणाऱ्याला पंचवीस फुटी पत्रा लावायला सांगणे म्हणजे त्याचे घर अडवणे होय. अनुभव असा आहे, की अशी अट त्याच्याकडून पाळली जात नाही. ती न पाळल्याबद्दल चिरीमिरी तेवढी घेतली जाते. तेव्हा लहान घरासाठी वाळूवर ताडपत्री, विटा-मातीवर पाणी आणि राडारोडा ठरलेल्या जागी, एवढ्याच अटी असाव्यात. पत्रा, चाके धुण्याची सोय, मापनयंत्र ही ओझी अभिन्यास पाडणाऱ्या विकासकाने आणि मोठ्या संकुलाने उचलावीत. रस्त्याचा खर्च ज्याने जमिनीचे तुकडे पाडून नफा घेतला त्याच्याकडून, आधीच, वसूल व्हावा. अटी परवाना क्रमांकासह बांधकामाच्या जागी मराठीत लावल्या, तर शेजारचा माणूसही त्या वाचून तक्रार करू शकेल.

एप्रिल 2020 नंतर पाच वर्षांहून अधिक काळ या महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. या काळात असा प्रस्ताव सभागृहात अडला, असे म्हणण्याची सोय प्रशासनाला नाही. नवा कायदाही लागत नाही. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 45 नुसार परवानगीला सर्वसाधारण वा विशेष अटी घालता येतात. त्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्या अटींचा मसुदा नगररचना विभागाने तयार करून मंत्रालयात पाठवायचा आहे.