परगावच्या पोरांना एक खोली द्या

फिलिपिनो लोक १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा करतात, तिला ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. आखातात कामाला गेलेले तीच मिस्सा ड्युटीपायी संध्याकाळी करतात, पण सोडत नाहीत. आपलं पोरगं सौंसरहून नागपूर-पुण्याला गेलं, की मराठी गायन बंद. मग आपण पोरांनाच बोल लावतो. मला हे पटत नाही.

मुंबईत गोवेकरांनी धोबीतलावला गावागावाचे कूड काढले. ट्रंक ठेवायला जागा, एक वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून माळेची प्रार्थना. बोटीवरचा खलाशी नि हॉटेलातला आचारी तिथेच टेकायचे. त्यांचं तियात्रसुद्धा गोव्यात नाही, मुंबईत जन्मलं: १७ एप्रिल १८९२, ‘इटालियन भुर्गो’. मधेमधे गाणी, पुढाऱ्यांना चिमटे. खडी गंमत पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

माझे दहा-बारा विद्यार्थी आज नागपुरात आहेत, एकमेकांना ओळखतही नाहीत. तिथल्या एखाद्या धर्मग्रामाने महिन्यातला एक रविवार त्यांना खोली उघडून द्यावी. माझी पेटी घरी धूळ खात पडली आहे. दोन सूर दबतात, पण वाजते. ती मी स्वतः बसने आणून देईन.

— एक निवृत्त शिक्षक, सौंसर