मैदानाचे चार भाग करा

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते सुमारे 26,700 चौरस किलोमीटर भरते आणि 2011 च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या सुमारे 97 लाख होती. बेल्जियम हे राष्ट्र आपल्या या मुलखाहून थोडेसेच मोठे. त्याच राष्ट्राने केव्हिन डी ब्रुईन हा फुटबॉलमधला मध्यरक्षक जगाला दिला. 1991 साली जन्मलेला हा अबोल मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून गेंकच्या क्लबात शिकावयास गेला आणि पुढे 2015 ते 2025 अशी दहा वर्षे मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीचा कारभार त्याने अशा प्रज्ञेने पाहिला की, इतरांस दिसण्यापूर्वीच त्याला मोकळी जागा दिसे व तेथे चेंडू पोहोचलेला असे. 2018 च्या विश्वचषकात ब्राझीलला नमविणाऱ्या दोन गोलांपैकी एक त्याचा होता, आणि बेल्जियम तिसरे आले.

हे सारे दैवयोगाने घडले असे मी मानत नाही. 2000 साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे सहयजमानपद असताना बेल्जियमला साखळीतच गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा तेथील महासंघाने मुलांच्या शेकडो सामन्यांचे चित्रण तपासविले, आणि विजयाच्या हव्यासापायी लहान मुलांच्या पायाला चेंडूच लागत नाही, हे त्यातून उघड झाले. मग कोवळ्या वयाच्या मुलांचे सामने दोन-दोन, पाच-पाच, आठ-आठ गड्यांचे झाले आणि सर्वांत लहान वयोगटांचे गुणतक्ते बंद करण्यात आले.

आपल्याकडे आवडीची वाण नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची गाठ शाहू स्टेडियमवर पडली म्हणजे पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉलचे संघ जोपासले. त्याच शहराचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला आणि 2022 मध्ये वरिष्ठ संघातही उतरला; पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. एका अनिकेतचे नाव घेऊन आपण समाधान मानावे आणि मागे राहिलेल्या मुलांची वास्तपुस्त कोणी करू नये, ही गोष्ट मला फार सलते.

गेल्या रविवारी सांगलीतल्या एका मैदानावर नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा अकरा-अकरा गड्यांचा सामना मी पाहत उभा होतो. डाव्या कडेला गुडघ्याच्या खाली लोंबणारी चड्डी घातलेला एक मुलगा होता. अर्ध्या तासात त्याच्या पायाला चेंडू तीनदा लागला, आणि तिन्ही वेळा बाहेरून ‘मार पुढं!’ अशी आरोळी आली. त्याने मान वर करून पाहावे, शेजारच्या गड्याला हेरावे, क्षणभर थांबावे, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूने जे आयुष्यभर करावयाचे ते करावे, याला तेथे अवसरच नव्हता.

वास्तविक वयाला साजेसा खेळ देण्याचे शास्त्र आपल्या मातीला परके नाही. कवठेपिरानच्या मारुती माने यांना 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देणारी कुस्तीची परंपरा याच सांगली जिल्ह्यातली. आणि आजही जत्रेच्या मैदानात पोरांच्या कुस्त्या प्रथम लागतात, रेवड्यांवर वा नारळावर, जोड पाहून. नऊ वर्षांच्या पोराला कसलेल्या मल्लापुढे उभे करणारा वस्ताद आपण एका दिवसात हाकलून देऊ; मग त्याच वयाच्या पोराला मोठ्यांच्या मैदानात आणि मोठ्यांच्या नियमांत आपण का सोडतो?

म्हणून तिन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांना, तालीम मंडळांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: दहा वर्षांखालील मुलांसाठी मैदानाचे चुन्याने चार भाग पाडा, प्रत्येक भागात पाच-पाच गडी खेळवा, गुणतक्ता लावू नका आणि कडेला उभ्या असलेल्या पालकांना शांत राहावयास सांगा. यासाठी कोणत्याही सरकारी मंजुरीची आवश्यकता नाही. येत्या रविवारी एक पोते चुना पुरेल.